हस्तीमलकाकांच्या गादीवरचा वारा

“काका, ती जालन्याची म्याडम मुकी हाय का हो?”

लुगडं घ्यायला आलेल्या बाईने हे विचारलं तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. हस्तीमलकाकांनी मोजायच्या लोखंडी गजावर कापड सरकवत, वर न बघता उत्तर दिलं, “मुकी न्हाई. मोजून राह्यली.”

बाईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिची खात्री पटलेली दिसली नाही. मी वहीत डोकं घातलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. तोवर त्या दुकानात बऱ्याच बैठका झाल्या होत्या, आणि ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पाणी नको’ यापलीकडे मी काही बोलले नव्हते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण ती जेवणाखाण्याची मराठी. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी वाक्य आधी मनात पुरं करायचे, आणि ते पुरं होईपर्यंत विषय बदललेला असायचा.

नव्या शतकाची ती पहिली वर्षं होती. धावड्याच्या वरच्या माळावर एका कंपनीला पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. माळाखाली ज्यांच्या जमिनी, माळावर ज्यांची मेंढरं, ज्यांच्या तारांतून वीज जायची ते वीज मंडळ आणि स्वतः कंपनी, अशा सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावं, आणि ठरवायचं कसं हेही त्यांनीच ठरवावं, अशी आमच्या जालन्यातल्या संस्थेची कल्पना होती. मी तिथे नुकतीच नोकरीला लागले होते. भोकरदनला बस बदलून धावड्याला जायचं, बैठकीत काय झालं ते लिहायचं आणि परत यायचं, एवढंच माझं काम. बोलायचं काम नाही म्हणून मी ते आनंदाने घेतलं.

आमच्या कागदांवर त्या मंडळींना ‘मल्टी-स्टेकहोल्डर ग्रुप’ म्हटलेलं होतं. मी त्याचं ‘भागधारक गट’ असं भाषांतर करून नेलं, तर मेंढरांचे मालक बिरूबा यांनी विचारलं, “आपला किती भाग मंग?” दुसऱ्या खेपेला ‘हितसंबंधी व्यक्ती’ असं लिहून नेलं. ते वाचून मोसंबीचे मोठे बागायतदार सर्जेराव म्हणाले, “हे पंचनाम्यात लिहितात तसं वाटून राह्यलं. आम्ही काय कुणाचा खून केला?” शेवटी हस्तीमलकाका म्हणाले, “वऱ्हाडी म्हणा. लग्न वाऱ्याचं, आपण समदे वऱ्हाडी.” तेव्हापासून त्या गटाचं नाव ‘वाऱ्याची बैठक’ पडलं. संस्थेला पाठवायच्या अहवालात मी अर्थातच वऱ्हाडी लिहिलं नाही.

काकांचा खरं तर या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. ते धावड्याच्या पेठेतले कापडाचे व्यापारी. त्यांचे वडील मारवाडातून कापडाचं गाठोडं खांद्यावर घेऊन इकडे आले, आणि त्या गाठोड्याचं दुकान झालं. पहिली बैठक ग्रामपंचायतीत ठरली होती. तिथे हाताच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर सर्जेराव बसले, दुसरीवर कंपनीचे साठेसाहेब. बिरूबा दारातच उभे राहिले. “मी खाली बसणार न्हाई आन् तुम्ही उठणार न्हाई. चालू द्या.” मग साठेसाहेबांनी कंपनीच्या विश्रामगृहात बसू म्हटलं, तर तिथे नुसत्या चहावर लोक विकले जातील असं सर्जेरावांचं मत पडलं. शाळेची बाकं मुलांच्या मापाची. असं वाद घालत सगळे पेठेतून चालले असताना ऊन वाढलं आणि माळाखाली लहानसं शेत असलेल्या कौसाबाई सरळ काकांच्या दुकानात शिरल्या. “शेटजी, पाणी द्या,” म्हणाल्या आणि पांढऱ्या गादीवर बसल्या. त्यांच्यामागून सगळेच आत आले.

“बसा, बसा,” काका म्हणाले. “गादीला उसं न्हाई, पायथा न्हाई. कुटंबी बसा, बराबरच.”

सगळ्यांनी चपला काढल्या. घट्ट पँटीतले साठेसाहेब मांडी घालता घालता एकदा उताणे पडले. आणि धावड्याच्या इतिहासात प्रथमच ही माणसं एका उंचीवर बसली.

तिथेही भांडण लागलंच. काकांनी गज आपटला. “गिऱ्हाईक भिऊन राह्यलं माझं! एकेकानं बोला.” ते जे एकदा मध्ये पडले ते पडलेच. कोणी त्यांना अध्यक्ष निवडल्याचं माझ्या वहीत कुठेही नाही.

काका बारीक अंगाचे, ताठ, पांढरा सदरा-पायजमा घालणारे. सदऱ्याला नेहमी कुठल्या तरी कापडाचे दोरे चिकटलेले. कोणी भेटलं की नमस्काराच्या आधी त्यांचा अंगठा आणि बोट समोरच्याच्या बाहीवर जायचं. साठेसाहेबांची बाही चोळून ते म्हणाले होते, “टेरिकॉट. माळावर शिजसाल, साहेब.” जिल्ह्याहून एक बडे अधिकारी आले, त्यांचाही सफारी त्यांनी चोळला. “कापड लई चांगलं. शिंप्यानं मारलं तुमाला.” माझ्या ओढणीला बोट लावून पहिल्याच दिवशी म्हणाले, “रंग जाईल, बेटा.” मला ते आगाऊपणाचं वाटलं. पहिल्याच धुण्यात माझा पांढरा कुडता गुलाबी झाला.

वाऱ्याबद्दल त्यांना प्रेम नव्हतं. “वर्षानुवर्षं हा माझ्या गादीवर धूळ टाकून राह्यला,” ते म्हणायचे. “आता कुटं त्याला काही कामधंदा लागून राह्यला. लागू द्या. घरात पडलेलं पोरगं नोकरीला लागलं म्हंजे शेजाऱ्यालाबी बरं वाटतं.”

बैठकीचे नियम काकांनी आमच्या संस्थेच्या पुस्तिकेतून घेतले नाहीत. त्यांच्या गादीवर वर्षानुवर्षं लग्नाचे बस्ते बांधले गेले होते, त्यातून ते आले. आमच्याकडे नवरीच्या साड्या नवऱ्याकडचे घेतात आणि नवऱ्याचे कपडे नवरीकडचे. काकांनी ही रीत वाऱ्याला लावली. “आपल्या अंगाचं माप समद्यांना पाठ असतं,” ते म्हणाले. “दुसऱ्याचं घ्या.”

म्हणून त्यांनी एक कापडी पिशवी केली आणि तिच्यात प्रत्येक बाजूचा एकेक तुकडा टाकला. कंपनीचा राखाडी सुटाच्या कापडाचा. बागायतदारांचा लाल फेट्याचा. मेंढपाळांचा घोंगडीचा. कौसाबाईंचा, म्हणजे एकेक दोनदोन एकरवाल्या सगळ्यांचा, हिरव्या लुगड्याच्या काठाचा. वीज मंडळाचा खाकी. डोळे मिटून हात घालायचा, जो तुकडा येईल तो खांद्यावर टाकायचा, आणि त्या बैठकीपुरतं त्या बाजूने बोलायचं. स्वतःचा आला तर परत टाकायचा. आधी त्या बाजूला काय हवं ते सांगायचं, आणि शेवटी ती बाजू काय सोडेल ते. सोडलं की सोडलं.

“न्हाई पटलं तर?” सर्जेरावांनी विचारलं.

“बस्ता बांधल्यावर परत घेतो का आपण?”

बिरूबा एकदा या तुकड्यांना ‘फडकी’ म्हणाले. काकांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. “फडकं म्हणू नका, बिरूबा. नमुना म्हणा.”

बोलायला घड्याळ नव्हतं. माणूस बोलायला लागला की काका एक कापड उलगडायचे आणि त्याची घडी घालायला घ्यायचे. घडी झाली की वेळ संपली. कोणासाठी कोणतं कापड घ्यायचं ते त्यांच्या मर्जीवर. कौसाबाईंना नऊवारी मिळायचं. सर्जेरावांना हातरुमाल.

“शेटजी, हा अन्याय हाय! मला रुमाल आन् बिरूबाला धोतर?”

“मोठ्या आवाजाला कापड कमी लागतं, सर्जेराव,” असं म्हणेपर्यंत रुमालाची घडी झालेली असायची.

आणि सगळ्यांवर सूर्य. काका जैन, सूर्यास्ताच्या आत जेवणारे. ऊन समोरच्या दुकानाच्या पत्र्यावरून उतरलं की आतून सूनबाई ताटाचा आवाज करायच्या. तेवढ्यात बैठक संपलीच पाहिजे. साठेसाहेब मला एकदा हळूच म्हणाले की त्यांच्या मुख्य कार्यालयातल्या बैठकांनाही अशी एखादी सूनबाई मिळाली तर कंपनी बरीच पुढे जाईल.

पहिल्यांदा पिशवी फिरली तेव्हा राखाडी तुकडा बिरूबांना आला आणि घोंगडी साठेसाहेबांना. बिरूबांनी तो तुकडा खांद्यावर टाकला, घसा साफ केला आणि आम्ही ओळखत होतो तो माणूस नाहीसा झाला.

“हे बघा,” ते म्हणाले, “आमी इथं धर्मशाळा काढायला आलो न्हाई. आमचा खर्चा किती! पाती दर्यापारहून आणायची. आन् हे मेंढरंवाले कुटंबी घुसून राह्यले. उद्या मेंढरू खांबाला शिंग घासून राह्यलं आन् खांब पडला तर? ह्या बिरूबाकडून मी आधी लिहून घेणार!”

“अहो, एवढं काही नाही,” साठेसाहेब कळवळून म्हणाले. “आमचा खांब मेंढरानं पडत नाही.”

“तुमी घोंगडी हाय! तुमी कंपनीचं बोलू नका!”

काकांनी गज आपटला. “बराबर. साहेब, तुमी मेंढरं सांभाळा.”

साठेसाहेबांनी मग घोंगडीच्या बाजूने ‘चराईक्षेत्राचे संभाव्य नुकसान’ असं काहीतरी सुरू केलं. काकांनी घडी अर्धी टाकली. “हे कापड तुमी अंगाला लावलंच न्हाई, साहेब. परवा बिरूबासंगं माळावर जा, मंग बोला.” साठेसाहेब गेले. दिवसभर मेंढरांमागे फिरून ते परत आले तेव्हा त्यांच्या मोज्यांत कुसळं होती आणि नाक सोललेलं होतं. पुढच्या बैठकीत दोघांना पुन्हा तेच तुकडे आले, आणि खांबांभोवती तारेचं कुंपण घालायचं नाही यासाठी ते असे भांडले की बिरूबांना कंपनीच्या वतीने तीच गोष्ट सोडावी लागली. मुख्य कार्यालयातून फोन आला की साठे, तुम्ही पगार कोणाचा घेता. ते दुकानाच्या दारात उभे राहून बराच वेळ ‘येस सर’ म्हणत होते. आत आल्यावर म्हणाले, “विचारतायत, माझ्या खांद्यावर काय आहे.”

खांद्यावर अजून घोंगडीचा तुकडा होता. तसाच त्यांचा एक फोटो मीच पाठवलेल्या अहवालातून मुख्य कार्यालयात पोचला होता.

वीज मंडळाचे अभियंते कधी यायचेच नाहीत. पण खाकी नमुना पिशवीत असायचा आणि कोणी ना कोणी दोन तुकडे घेऊन त्यांच्या वतीने बोलायचं. एका बैठकीत तो कौसाबाईंना आला. त्यांनी फार मन लावून मंडळाची अडचण मांडली. माणसं कमी, पावसात खांबावर चढायचं, लोकांच्या शिव्या खायच्या. आणि मग मंडळाच्या वतीने त्यांनी सोडलं काय, तर म्हणाल्या, “खालच्या वस्त्यांची लाईन आधी नीट करू, मंग वाऱ्याची घेऊ.” पुढच्या महिन्यात अभियंते पहिल्यांदाच आले, फाईल उघडली आणि म्हणाले, “तर मंडळाचं म्हणणं असं आहे की...”

“ते झालं की हो,” बिरूबा म्हणाले. “तुमचं मागंच ठरलंय.”

“कोणी ठरवलं?”

“तुमीच!” सगळे एकदम म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. मी वहीचं पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, आणि काय वाटलं कोण जाणे, वस्त्यांची लाईन खरंच नीट झाली. त्यानंतर मात्र त्यांनी एकही बैठक चुकवली नाही. आपण नसताना आपण काय काय कबूल करू याची त्यांना धास्ती बसली होती.

हे सगळं होत असताना एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. ती होती वळणाची. पवनचक्कीचं पातं एवढं लांब की ते घेऊन येणारी गाडी गावाजवळ माळाकडे वळायची तर मोठं वळण लागणार. साठेसाहेबांनी पहिल्याच दिवशी नकाशा पसरून तीन जागा दाखवल्या होत्या. एक, सर्जेरावांची मोसंबीची बाग. दोन, कौसाबाईंचं शेत, आणि नेमकी त्यातली विहीर. ती बुजवावी लागणार होती. तीन, जुन्याच रस्त्याने पेठेतून, पण मग कोपऱ्यावरच्या हस्तीमलकाकांच्या दुकानाचा ओटा पाडायचा. कंपनीला तिन्ही सारख्याच होत्या.

“पेठंत गर्दी असती, तिसरी सोडा,” काका तेव्हा नकाशाची घडी घालत म्हणाले होते. आणि ज्यांच्या गादीवर बसून आपण पाणी पितो त्यांच्या ओट्याचं कोण बोलणार? सगळ्यांनी तिसरी सोडली. राहिल्या दोन. त्यातले सर्जेराव म्हणजे माळाखालच्या निम्म्या जमिनीचे मालक. आणि कौसाबाई म्हणजे नवरा गेल्यावर त्या एका विहिरीवर भाजी काढून धावड्याच्या बाजारात विकणारी बाई. “भरपाई देऊ,” साठेसाहेब म्हणायचे. “भरपाईला पाझर असतो का?” कौसाबाई विचारायच्या. विषय पुढच्या बैठकीवर जायचा.

शेवटी कंपनीकडून निरोप आला की या महिन्यात वळण ठरलं नाही तर प्रकल्प दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. तेव्हा ती बैठक बसली.

पिशवी फिरली. अभियंत्यांना घोंगडी, साठेसाहेबांना खाकी, बिरूबांना नेहमीप्रमाणे कंपनी. कौसाबाईंनी हात घातला तर लाल फेटा आला. सर्जेरावांच्या हातात हिरवा काठ. त्यांनी तो दोन बोटांत धरला. “हे खांद्यावर टाकायचं?”

“न्हाई तर डोक्यावर घ्या,” बिरूबा म्हणाले.

कौसाबाई आधी बोलल्या. त्यांनी फेट्याचा तुकडा खांद्यावर झटकला आणि छाती काढली. “माझ्या बागंत पाय ठिवला तर बघा!” आवाज हुबेहूब सर्जेरावांचा. गादीवर हशा पिकला, खुद्द सर्जेराव हसले. मग त्या हळूहळू थांबत बोलायला लागल्या. दुष्काळात या माणसाने टँकर आणून झाडं जगवली. बायकोचे दागिने गेले, झाडं गेली नाहीत. एकेक झाड हाताने लावलंय, झाड उचलून दुसरीकडे नेता येत नाही. काका नऊवारीची घडी घालत होते आणि सर्जेराव मान खाली घालून ऐकत होते. मला वाटतं त्यांची बाजू इतकी चांगली त्यांच्याकडूनही कधी मांडली गेली नव्हती.

“आन् सोडणार काय?” काकांनी विचारलं.

“आवाज सोडला,” कौसाबाई म्हणाल्या. “इथून पुढं बैठकीत वरडणार न्हाई.”

काकांचे डोळे हसून हसून पाणावले. ते पुसत त्यांनी सर्जेरावांकडे पाहिलं आणि त्यांच्यासाठी, पहिल्यांदाच, चांगली मोठी चादर उलगडली. सर्जेरावांनी घसा खाकरला.

“ह्या बाईचं म्हणणं... विहीर हाय. जुनी हाय. पाणी बरं हाय.”

थांबले. चादर अजून उलगडलेलीच होती.

“अजून?”

“अजून काय? एवढंच.”

“सोडणार काय?”

सर्जेरावांनी गादीकडे बघत सांगितलं, “विहीर सोडली.”

 साठेसाहेब म्हणाले, “अहो, असं कसं...” काका चादरीचं एक टोक धरून तसेच बसले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सोडलं की सोडलं, हा नियम त्यांचाच.

“बराबर हाय,” कौसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता त्यांचाच होता. “नमुना त्यांच्या हातात व्हता. मी नियम मोडा म्हणणार न्हाई.” आणि फेट्याच्या तुकड्याची घडी घालायला लागल्या. चारदा घातली, चारदा सुटली.

तेव्हा बिरूबा बोलले. राखाडी तुकडा त्यांच्या खांद्यावर होता आणि कंपनीच्याच आवाजात ते म्हणाले, “एक मिनिट. आमच्या नकाशात वळणं तीन व्हती. पिशवीत नमुने किती? शेटजी, तुमचं फडकं कुटंय?”

“माझी काय बाजू?” काका म्हणाले. “मी दुकानदार.” या वेळी त्यांनी ‘नमुना म्हणा’ असं सांगितलं नाही.

“ओटा कुणाचा?”

 समोरच्या पत्र्यावर ऊन खाली सरकत होतं. मग काका उठले, कपाटांकडे बघत राहिले, एका गठ्ठ्याला हात लावून सोडून दिला. एवढ्या मोठ्या दुकानात त्यांना स्वतःचा नमुना सापडेना. शेवटी खाली बसून त्यांनी गादीच्या पांढऱ्या खोळीचा कोपरा कात्रीने कापला आणि तो पिशवीत टाकला.

“पिशवी रिकामी झाल्याबिगर बैठक संपत न्हाई,” ते म्हणाले. “घ्या कुणीतरी.”

पण प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक होताच. सगळे एकमेकांकडे बघत बघत माझ्यापाशी येऊन थांबले.

“म्याडमचा खांदा मोकळा हाय,” बिरूबा म्हणाले.

मी मान हलवून नाही म्हटलं. इतके दिवस ते पुरायचं, त्या दिवशी पुरलं नाही. काकांनी स्वतः पिशवी माझ्यापुढे धरली. आत एकच तुकडा होता, तरी ते म्हणाले, “डोळे मीट, बेटा. नियम हाय.” मी डोळे मिटून तो काढला.

पुढच्याच महिन्यात मला पुण्याला शिकायला जायचं होतं. मी गेले, आणि काकांची आणि माझी पुन्हा गाठ पडली नाही. त्यामुळे ते मला शेवटचे दिसतात ते असे. पांढऱ्या गादीवर ताठ बसलेले, सदऱ्याला दोरे चिकटलेले, गज बाजूला पडलेला. माझ्यासाठी कोणतं कापड उलगडायचं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून हात मांडीवर मोकळे. मी ते हात कधी मोकळे पाहिले नव्हते. ते मला खुणावत नव्हते, थांबवतही नव्हते. काका फक्त एखाद्या गिऱ्हाईकासारखे बघत होते, की आता ही काय दाखवते.

“मी हस्तीमल,” मी म्हणाले.

“मागे ऐकू येत नाही,” अभियंते म्हणाले.

मी मोठ्याने म्हणाले. वाक्य आधी मनात पुरं करायला वेळ नव्हता, म्हणून ते तोंडात येईल तसं येऊ दिलं, आणि ते त्यांच्याच बोलीत यायला लागलं. मी म्हणाले, माझा बाप मारवाडातून आल्ता तेव्हा दुकान नव्हतं, आधी ओटा व्हता. त्याच्यावर गाठोडं सोडून त्यानं पहिलं कापड विकलं. आजबी सकाळी मी आधी ओट्यावर बसतो, मंग कुलूप काढतो. भोकरदनच्या गाडीची वाट बघणारे तिथंच बसतात. लग्नघरच्या म्हाताऱ्या बायांना गादीवर चढता येत न्हाई, त्या तिथनंच साड्या नापसंत करतात. त्यावर कुणीतरी हसलं. मी म्हणाले, ओटा गेला तर माझं दुकान पडत न्हाई, पण मी कुटं बसू ते मला ठावं न्हाई. म्हणून मी नकाशाची घडी घातली. तुमी बोलले न्हाईत, मीबी बोललो न्हाई.

आतून ताटाचा आवाज आला. कोणी हललं नाही.

“बराबर,” काका अगदी हळू म्हणाले. त्यांनी मान खाली घातली, आणि मग, जसं ते सगळ्यांना विचारायचे तसंच, विचारलं, “सोडणार काय?”

मी कौसाबाईंकडे पाहिलं नाही. मी काकांकडेच पाहत होते.

“ओटा काय, कुटंबी बांधता येतो,” मी म्हणाले. “पाणी कुटंबी लागत न्हाई. वळण पेठंतून घ्या. ओटा सोडला.”